टॅबमधली फाईल कोणाची?

परवा पुण्याला भाच्याच्या मुलाच्या मुंजीला गेले होते. मुंज छान झाली. (मठ्ठा जरा आंबट होता, पण उन्हाळ्यात चालायचेच.) जेवणे आटोपल्यावर आम्ही घरची मंडळी कार्यालयाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर बसलो होतो, तेव्हा माझ्या वकील भाच्याने आपला नवा टॅब दाखवायला काढला. काढला म्हणजे, मुंजमुलगा त्यावर गाड्यांची शर्यत खेळत होता, त्याच्या हातातून ओढून घेतला. मग बोटाने सरकवत एकेक फाईल. ही अमुक कंपनीची, ही तमुक बिल्डरची. मध्येच कोणा बाईचा घटस्फोटाचा अर्ज नावगावासकट माझ्या डोळ्यांपुढून गेला. मी मान वळवली. बाकीच्यांनी वळवली की नाही, कोण जाणे!

"आत्या, आता पक्षकाराला कागदाला हातसुद्धा लावावा लागत नाही. सगळं इथे आहे," असे म्हणून त्याने टॅबवर टिचकी मारली.

सगळ्यांनी वा वा केले. बहुधा मीही केले असेल. पण परतीच्या एसटीत बसल्यापासून ते वाक्य टोचते आहे. भाचा हा ब्लॉग वाचतो, सूनबाईही वाचते. मुंजीच्या घरात वाद नको म्हणून तेव्हा गप्प बसले. आता लिहिते.

पक्षकाराला कागदाला हात लावावा लागत नाही, ही तुला कौतुकाची गोष्ट वाटली ना? माझी तक्रार नेमकी तीच आहे. टॅबने वकिलाच्या खांद्यावरचे ओझे उतरवले, हे मान्य. पण त्याच वेळी पक्षकाराच्या हातात जे चार कागद असायचे तेही गेले, आणि वकीलमंडळींना हे कळलेसुद्धा नाही.

मी यंत्राची वैरीण नाही, हे आधीच सांगते. निवृत्त झाल्यावर 'बरह' शिकून हे लिखाण सुरू केले तेव्हा माझ्या मैत्रिणी मला हसल्या होत्या. आणि टॅबचे गुण मलाही दिसतात. पूर्वी तालुक्याच्या गावी नव्याने वकिली करणाऱ्या मुलाला एखादा निवाडा हवा असला तर ज्येष्ठ वकिलांच्या कपाटातले एआयआरचे जाड खंड मागायला जावे लागे, आणि ते देताना ज्येष्ठांचा चेहरा कसा होई, हे आमच्या वाड्यातल्या भाडेकरू वकिलामुळे मी लहानपणापासून पाहिले आहे. आता जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआरवर फुकट मिळतात. 'सुवास' नावाची भाषांतराची व्यवस्था २०१९ पासून आहे, तिच्यामुळे काही निवाडे मराठीतही वाचायला मिळतात. सकाळी चहा पितापिता आपला नंबर बोर्डावर कितवा आहे ते कळते. तीनशे पानांची फाईल, त्यावर पेनने केलेल्या खुणा, सगळे हातभर वस्तूत. खेड्यातून आलेल्या, घरी पुस्तकांचे कपाट नसलेल्या मुलामुलींना याचा फायदा झाला असेल तर मला आनंदच आहे. माझ्या दोन विद्यार्थिनी वकील आहेत. सर्वोच्च न्यायालयातल्या घटनापीठाचे काम २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट बघता येऊ लागले, तेव्हा शिवसेनेच्या खटल्याची सुनावणी मी दुपारची झोप मोडून पाहिली होती.

गंमत अशी की दिल्लीत काय चालले आहे हे मला घरबसल्या दिसत होते, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या दाव्यात काय चालले आहे हे तिला स्वतःला माहीत नव्हते.

आता अक्काकडे येते. माझी थोरली बहीण. वय ७९, शिक्षण चौथी. यजमान गेल्यावर दिराच्या मुलांनी शेतातला हिस्सा द्यायला टाळाटाळ केली, म्हणून २०१९ मध्ये तिने तालुक्याच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला. कोर्ट कुठले, वकील कोण, हे लिहीत नाही. दावा चालू आहे, आणि माझा राग एका माणसावर नाहीच.

ज्यांना कोर्टाची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाणी दाव्यात साक्षीदाराचा सरतपास, म्हणजे आपल्याच वकिलाने विचारायचे प्रश्न, २००२ च्या कायदेबदलापासून प्रतिज्ञापत्रावर घेतला जातो. साक्षीदाराने पिंजऱ्यात उभे राहून आपल्या तोंडाने हकिगत सांगायची नाही. वकिलाने लिहून आणायची, साक्षीदाराने सही करायची. मग समोरचा वकील उलटतपास घेणार तो त्या लिहिलेल्या मजकुरावर. म्हणजे त्या कागदातला शब्द न् शब्द साक्षीदाराच्या अंगावर येणार. आता सांगा, तो कागद साक्षीदाराने किती नीट वाचायला हवा?

अक्काला तो कोर्टाच्या व्हरांड्यात टॅबवर दाखवला गेला. मी शेजारीच होते. वकीलसाहेब तरुण, हुशार, तोंडाने गोड. "आजी, हे बघा, तुम्ही सांगितलंय तसंच सगळं आहे." तेरा पाने होती. बोट सर्रकन वर, सर्रकन वर. अक्काने पिशवीतून चष्मा काढून पुसेपर्यंत सातवे पान आले होते. "बरोबर आहे ना आजी?" अक्का म्हणाली, "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार." मग समोरच्या दुकानातून छापील प्रत आली, सह्या करायची पाने तेवढी उलगडून पुढे धरली गेली. शेवटी नेहमीचे वाक्य होते, वरील मजकूर मी वाचून पाहिला असून तो माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे. अक्काने सही केली. मीही अडवले नाही. चाळीस वर्षांपैकी निम्मा वेळ मुलांना 'न वाचता सही करू नका' हे शिकवण्यात गेला आणि ऐनवेळी माझीच जीभ उचलली नाही.

सहा महिन्यांनी उलटतपास झाला.

"आजी, शेतात विहिरी किती?"

"एक."

"नक्की?"

"अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून एकच आहे. तिचंच पाणी शेंदलंय."

"मग प्रतिज्ञापत्रात दोन विहिरी लिहिल्यात, त्या कुठल्या? तेव्हा खोटं बोललात का आत्ता बोलताय?"

कोर्टात गावातली पंधरावीस माणसे होती. ज्यांच्याविरुद्ध दावा ते पुतणेही होते. अक्का कठड्याला धरून उभी. काय उत्तर द्यावे तिला सुचेना, कारण आपण दोन विहिरी कधी म्हणालो हेच तिला आठवेना. आठवणार कुठून? ती तसे म्हणालीच नव्हती. दुसऱ्या कोणाच्या तरी वाटपाच्या दाव्यातला तो परिच्छेद होता, तो उचलून इकडे चिकटवला गेला होता. बाहेर आल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "कॉपी-पेस्टमध्ये राहून गेलं, आजी. फेरतपासात दुरुस्त करू, काळजी करू नका."

त्यांच्या दृष्टीने 'राहून गेलं'. अक्का त्या रात्री जेवली नाही. भर कोर्टात आपल्याला खोटारडी म्हटले, एवढेच ती घोकत होती.

तुम्ही म्हणाल, पूर्वीचे वकील काय धुतल्या तांदळासारखे होते? नव्हते. तेही जुने मसुदे पुढे ठेवूनच दावे लिहीत, टायपिस्टही गावांची नावे बदलायला विसरत. पण तेव्हा कार्बनची का होईना एक प्रत पक्षकाराच्या पिशवीत पडत असे. ती घरी येई. संध्याकाळी कोणीतरी शाळकरी पोर ती कंदिलाशी धरून मोठ्याने वाचे आणि घरातले म्हातारे म्हणत, "अरे, हे काय भलतंच लिहिलंय!" माझ्या वडिलांच्या कुळकायद्याच्या प्रकरणात ते पोर मी होते. कागद घरी यायचा आणि घर तो तपासायचे. टॅब घरी येत नाही.

म्हणून मुंजीत मी भाच्याला म्हटले होते (त्याला वाटले आत्याला उगाच कौतुक), "त्यात 'विहीर' हा शब्द शोधून दाखव." त्याने आधी इंग्रजीत पझेशन हा शब्द टाकला, लगेच पिवळ्या खुणांची रांग लागली. मग मराठीत विहीर टाकली. काही नाही. त्याच फाईलमध्ये सातबारा होता, जुने खरेदीखत होते, आणि खरेदीखताच्या पहिल्याच पानावर विहीर मला डोळ्यांना दिसत होती. "ते स्कॅन आहे गं आत्या, नुसता फोटो. त्यात शोधता येत नाही." म्हणजे वकिलाने लिहिलेले इंग्रजी यंत्राला वाचता येते, आणि पक्षकाराच्या घरातून आलेले मराठी कागद त्याला मुके. तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना महाराष्ट्र सरकारने १९९८ मध्ये काढली, त्याला पाव शतक उलटून गेले. असो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

उलटतपासानंतर मी चिडले आणि अकरावीतल्या नातवाला कामाला लावले. प्रत्येक दाव्याला सीएनआर नावाचा सोळा अक्षरांकडांचा क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की दाव्याच्या सगळ्या तारखा आणि प्रत्येक तारखेला काय घडले त्याची नोंद दिसते. कोणालाही दिसते, पैसे पडत नाहीत. हे अक्काला कोणी सांगितले नव्हते. क्रमांक मिळवायलाच आम्हाला आठवडा लागला. मग नातवाने वाचून दाखवले आणि मी वहीत उतरवून घेतले. मधल्या अकरा तारखांना अक्का पहाटे उठून, दशम्या बांधून, एसटीने तालुक्याला गेली होती. दर वेळी तिला कारण सांगितले जाई, साहेब रजेवर आहेत, समोरच्यांनी मुदत मागितली, बोर्ड फार मोठा होता. नोंदी पाहिल्या तर त्यातल्या पाच तारखांना मुदतीचा अर्ज आमच्याच वकिलांचा! दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिले आहे की सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये. न्यायालये हा नियम लवचीकपणे घेतात, आणि वकिलालाही आजारपण, लग्नकार्य असतेच, मान्य आहे. पण मग आदल्या रात्री टॅबवरून दोन ओळी पाठवायच्या होत्या की, आजी उद्या येऊ नका!

मी हे त्यांना विचारले. त्यावर ते हसून काय म्हणाले असतील? "आजींना एसटी फुकटच आहे ना आता!" २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट नाही, हे खरे आहे. त्या योजनेचा असा उपयोग होईल हे सरकारलाही सुचले नसेल.

आणखी एक. दावा नोंदवताना पक्षकाराचा मोबाईल नंबर देता येतो, म्हणजे पुढच्या तारखेचा संदेश कोर्टाकडून थेट त्याला येतो. अक्काच्या दाव्यात तिच्या नंबरच्या जागी नंबर होता वकिलांचा. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. कारकुनाने सवयीने टाकला असेल. पण सवय काय आहे ती पाहा. यंत्र पक्षकाराशी बोलायला तयार आहे, आणि मध्ये हात घालून त्याचे तोंड आपल्याकडे वळवून घेतले आहे.

इथे भाच्यासाठी एक निवाडा देते. मी बीए मराठी, कायदा शिकलेली नाही, पण हा मी माझ्या विद्यार्थिनीकडून समजून घेतला आहे. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा, सर्वोच्च न्यायालय, २०००. भोपाळच्या एका सहकारी बँकेने आपल्या वकिलाचे काम काढून घेतले आणि फायली परत मागितल्या. वकील म्हणाले, माझी ९७,१०० रुपये फी बाकी आहे, ती द्या आणि फायली न्या. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फीसाठी पक्षकाराची फाईल अडवता येत नाही, असे करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. बार कौन्सिलने त्या वकिलांना दीड वर्षाची बंदी घातली होती. तोवर या मुद्द्यावर कायदा स्पष्ट नव्हता म्हणून न्यायालयाने ती कमी करून ताशेऱ्यावर भागवले, पण यापुढे कोणी असे केले तर गय नाही असेही बजावले.

मग मला सांग बाळा, फी थकली असतानाही जी फाईल अडवता येत नाही, ती फी पुरती दिलेली असताना पक्षकाराला बघायलाही मिळत नाही, हे कुठल्या न्यायात बसते? नाडीने बांधलेली फाईल पक्षकाराची आणि टॅबमध्ये गेली की वकिलाची, असे थोडेच आहे! उलट आता तर प्रत द्यायला झेरॉक्सचे पैसेही पडत नाहीत. एक बोट दाबायचे आहे.

यावर भाच्याचे उत्तर मला ठाऊक आहे, त्याने ते पूर्वी दिलेले आहे. "पक्षकाराला काय कळतं गं? अर्धवट वाचतात, घाबरतात, रात्री अकराला फोन करतात. गावातला कोणीतरी शहाणा त्यांना भडकवतो. सगळं दाखवत बसलो तर काम कधी करायचं?"

हे वाक्य मी ओळखते. कारण ते माझे आहे, म्हणजे आम्हा शिक्षकांचे आहे. तपासलेल्या उत्तरपत्रिका मुलांना दाखवाव्यात अशी मागणी व्हायला लागली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत आम्ही अगदी हेच बोलत होतो. मुलांना काय कळतं, पालक भांडायला येतील, एकेका मार्कासाठी हुज्जत घालतील, मग आम्ही शिकवायचं कधी? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि मलाही वाटले होते, संपले आता सगळे. काही संपले नाही. काही पालक भांडले, हे खरे. पण माझ्या ओळखीच्या कितीतरी शिक्षकांनी शेवटच्या पानावरची बेरीज दोनदा करायला सुरुवात केली, हेही खरे. बघणारा डोळा आहे हे कळले की हात जपून चालतो. माझासुद्धा चालला असता, आणि बेरजेत चुकलेले माझे विद्यार्थी मला आजही आठवतात.

आता तर एआय आले आहे. भाचा म्हणतो, नोटिशीचा मसुदा दोन मिनिटांत तयार होतो. होत असेल. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली माटा विरुद्ध आविआंका या दाव्यात तीस वर्षे वकिली केलेल्या गृहस्थांनी चॅटजीपीटीला विचारून निवाड्यांचे दाखले मिळवले आणि ते कोर्टात दिले गेले. ते निवाडे जगात कुठेही नव्हते, यंत्राने रचले होते. पाच हजार डॉलर दंड झाला. गाईड बघून उत्तर लिहिणारी मुले गाईडमधली छपाईची चूकही उतरवत, तसेच हे. केरळ उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआयचे नियम घालून दिले, बरे झाले. पण नियम न्यायाधीशांना आहेत. दोन मिनिटांत झालेला मसुदा अक्काला वाचून दाखवायला वीस मिनिटे लागतात आणि ती वीस मिनिटे कोणी द्यायची, याचा नियम मला अजून कुठे दिसलेला नाही. लिहायचा वेळ वाचला ना? मग तोच द्या की!

ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. हे पैसे अक्काचेही आहेत. मिठापासून काडीपेटीपर्यंत काही ना काही कर तिने आयुष्यभर भरला आहे. आणि आमच्याकडच्या वकीलमंडळींना पक्षकाराची कळकळ नाही असेही नाही. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे म्हणून सहा जिल्ह्यांतले वकील किती वर्षे रस्त्यावर उतरत होते! पक्षकाराला मुंबईचे हेलपाटे नकोत, असेच ते सांगत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे सर्किट बेंच सुरू झाले तेव्हा मी इथे अभिनंदनाचे लिहिलेही होते. मुंबई कोल्हापूरपर्यंत आणायला चाळीसेक वर्षे झगडणाऱ्यांना फाईल टॅबमधून पक्षकाराच्या फोनपर्यंत आणणे जड का जावे?

मुंजीत मी शेवटी भाच्याला हळूच विचारले, "थोरल्या आत्याच्या दाव्याचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?" नव्हता. आता आहे, सूनबाईला पाठवला आहे.

अक्काची फाईल मात्र आम्ही मिळवली. वकीलसाहेबांनी दोनदा विसरल्यावर तिसऱ्यांदा व्हॉट्सॲपवर पाठवली, कुरकुर न करता, हेही लिहायला हवे. २१४ पाने. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली आणि जाड दोऱ्याने शिवली. आता मी अक्काकडेच मुक्कामाला आहे. दुपारी तिची झोप झाली की मी मोठ्याने वाचते आणि ती डोळे मिटून ऐकते. रोज दहाबारा पाने होतात. काल चतुःसीमा आली. पूर्वेस ओढा, असे लिहिले आहे. अक्काने डोळे उघडले आणि म्हणाली, "ओढा मावळतीला आहे." मी पेन्सिलीने खूण केली आहे. पुढची तारीख सतरा दिवसांवर आहे.